सोन्याच्या आधी माती

जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक दोरीला बांधायचं आणि अंगणातून ओढत न्यायचं, हा खेळ महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी खेळला आहे. चार पावलं चाललं की चुंबकाला काळ्या बारीक कणांची दाढी फुटते. बोटांनी ती पुसून काढली तरी पुढच्या फेरीत पुन्हा तितकीच. ते कण म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, लोहाचं चुंबकीय ऑक्साइड. दख्खनचा काळा कातळ झिजून मातीत मिसळला, त्याबरोबर तेही आलं. सोन्याचे गोळे शोधायला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानं दुकानात पाऊल ठेवण्याआधी हा खेळ आठवावा, असं मला मनापासून वाटतं. घेणारा सोन्याचा विचार करून यंत्र घेतो. यंत्राला मात्र दिवसभर झुंजावं लागतं ते मातीशी.

हा प्रश्न जिथे रोजच्या बोलण्यातला आहे अशी एक जागा म्हणजे ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. मेलबर्नहून गाडीनं दीड ते अडीच तास गेलं की बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली, वेडरबर्न ही गावं लागतात. या टापूला तिथले लोक ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. 1851 मध्ये इथे सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. 5 फेब्रुवारी 1869 रोजी मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोन कॉर्निश खाणकामगारांना एका झाडाच्या बुंध्याजवळ, जमिनीखाली जेमतेम 3 सेंटीमीटरवर सोन्याचा एक गोळा लागला. वजन 70 किलोच्या वर. डनॉलीच्या बँकेत एवढा गोळा तोलणारा काटाच नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करावे लागले. ‘वेलकम स्ट्रेंजर’ या नावानं तो ओळखला जातो.

ती झाली कुदळीची गोष्ट. डिटेक्टरची गोष्ट 111 वर्षांनी घडली. जानेवारी 1980 मध्ये सोन्याचा भाव औंसाला 850 अमेरिकी डॉलरपर्यंत चढला होता आणि मातीचा आवाज थोडाफार गाळू शकणारी नवी यंत्रं नुकतीच बाजारात आली होती. भाव आणि यंत्र यांची गाठ पडली आणि व्हिक्टोरियाच्या जुन्या खाणींच्या रानात हेडफोन लावलेली माणसं फिरू लागली. त्यांच्यापैकी एक, केव्हिन हिलियर. 26 सप्टेंबर 1980 रोजी किंगोअर गावाजवळ त्यांच्या यंत्रानं इशारा दिला आणि फूटभर खाली 27.2 किलोचं सोनं निघालं. आपल्याकडच्या आजच्या 10 ग्रॅमच्या तोळ्यानं मोजलं तर दोन हजार सातशेहून अधिक तोळे. ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा तो गोळा लास व्हेगासच्या ‘गोल्डन नगेट’ या कॅसिनोनं दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मोजून घेतला. मेटल डिटेक्टरनं सापडलेला याहून मोठा गोळा अजून कुणाच्या हाती आल्याची नोंद नाही.

अशा गोष्टी ऐकल्या की महाराष्ट्रातला वाचक साहजिकच विचारतो, आपल्याकडे हे यंत्र चालेल का? याचं उत्तर आधी देऊन टाकतो. सोनं निसर्गात दोन रूपांत हाती लागतं. एक धूळ, दुसरं ढेकूळ. बालाघाट, छत्तीसगड या भागातल्या नद्यांची वाळू धुऊन सोनं काढणारे सोनझारी, झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी लाकडी पाट घेऊन बसणाऱ्या बाया, सराफकट्ट्यावरची धूळ गोळा करून धुणारे आपले झारेकरी, या सगळ्यांचा व्यवहार धुळीशी. त्यांचं सगळं कसब पाणी आणि वजन यांवर उभं आहे. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, म्हणून ते तळाशी राहतं आणि वाळू वाहून जाते. धूळ कितीही असली तरी डिटेक्टर तिच्यापुढे मुका आहे, कारण प्रत्येक कण सुटा असतो आणि एकट्या कणाचा प्रतिसाद यंत्राला जाणवण्याइतका नसतो. दोनशे कण मिळून एक गोळा होत नाही. डिटेक्टरला लागतं ढेकूळ, ज्याला तिकडे नगेट म्हणतात. महाराष्ट्राचा बहुतांश भाग तर बेसॉल्टच्या जाड थराखाली झाकलेला आहे, आणि सोन्याला अनुकूल असे जुने खडक उघडे दिसतात ते पूर्व विदर्भात आणि दक्षिणेच्या कडेला. तेव्हा सह्याद्रीत नगेट शोधायला यंत्र घेऊ नका. जे मराठी लोक व्हिक्टोरियात, पश्चिम ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेतल्या ॲरिझोना-नेवाडाकडे राहतात आणि सुटीच्या दिवशी रानात जायची ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

यंत्राचं तत्त्व आपण दहावीत शिकलेलं असतं, विद्युतचुंबकीय प्रवर्तन. फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या तारेत वीज वाहू लागते. डिटेक्टरच्या टोकाला जी थाळीसारखी कॉइल असते, तिच्यातून बदलता प्रवाह सोडला की तिच्याखाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि ते कॉइलला परत ऐकू येतं. बाकी सगळी हुशारी त्या क्षीण प्रतिध्वनीला इतर गोंगाटातून वेगळं काढण्यात आहे.

हा गोंगाट किती दगा देतो याचं पहिलं मोठं उदाहरण इतिहासात आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली होती आणि डॉक्टरांना ती सापडत नव्हती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच तत्त्वावरचं यंत्र घेऊन अध्यक्षांच्या खाटेशी आले. प्रयोगशाळेत यंत्र नीट चालत होतं. खाटेशी मात्र आवाज भलत्याच जागी येत राहिला. अध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधायला दिली ती शरीराची एकच बाजू. यंत्र बिघडलेलं नव्हतं. त्याच्याभोवतीचं जग धातूचं होतं. सोनं शोधणाऱ्याला ती गादी जमिनीत सगळीकडे पसरलेली भेटते.

मातीतलं लोह दोन तऱ्हांनी छळतं. मॅग्नेटाइट हे उघड शत्रू. चुंबकाला चिकटणारं, भरपूर प्रतिसाद देणारं, पण सरळ स्वभावाचं. क्षेत्र बदललं की तेही त्याच क्षणी बदलतं, मागे काही राहत नाही. त्याचा प्रतिसाद एकसारखा असेल तर यंत्राला ‘एवढा वजा कर’ असं शिकवता येतं. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. दुसरं अधिक लबाड, मॅग्हेमाइट. लाल-तांबड्या, जुन्या, उन्हानं आणि वणव्यांनी भाजलेल्या जमिनीत त्याचे अतिसूक्ष्म कण असतात. कोकणातल्या जांभ्याला जो रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडांनीच. व्हिक्टोरियातली आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली सोन्याची जमीन अशीच लाल, लोहखड्यांनी भरलेली. मॅग्हेमाइटचे बारीक कण क्षेत्र गेल्यावरही क्षणभर रेंगाळतात, हळूहळू शांत होतात. आणि धातूही नेमकं हेच करतो. म्हणजे माती धातूची नक्कल करू लागते. त्यातून एखाद्या दगडात आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं प्रमाण असलं की यंत्र त्याच्यावर सोन्यासारखं वाजतं. अशा दगडांना तिकडे ‘हॉट रॉक’ म्हणतात. उन्हात पंधरा मिनिटं खणून हाती काळसर खडा यावा, हा अनुभव प्रत्येक शोधकाला आहे.

आता यंत्रांच्या दोन घराण्यांचा विचार करता येईल.

पहिलं घराणं व्हीएलएफ, म्हणजे ‘व्हेरी लो फ्रिक्वेन्सी’. यात कॉइल अखंड गात असते, ठरावीक फ्रिक्वेन्सीवर, थांबतच नाही. परत येणारा सूर तिच्या सुरापेक्षा किती मागे पडला यावरून धातू ओळखला जातो. दिंडीत सगळ्यांचे टाळ एका लयीत वाजत असताना एखादा टाळ किंचित मागे राहिला तर जाणत्या कानाला कळतं, तसं. लोह थोडं मागे राहतं, चांदीचं नाणं पुष्कळ मागे, सोन्याचा लहान खडा कुठेतरी अलीकडे. नाणी शोधण्याची साधी यंत्रं सात-आठ किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. सोन्याची व्हीएलएफ यंत्रं त्याहून खूप वर. मिनलॅब कंपनीचं गोल्ड मॉन्स्टर 1000 हे 45 किलोहर्ट्झवर, गोल्डमास्टर 24के 48 वर, आणि फिशरचं जुनं, अनेक शोधकांचं आवडतं गोल्ड बग 2 तर 71 वर.

फ्रिक्वेन्सी वर का न्यायची? लहान तुकड्यात विजेचे भोवरे फार थोडा वेळ टिकतात. क्षेत्र सावकाश बदललं तर ते जन्मतात आणि पुढचा बदल येण्याआधीच मरतात, त्यामुळे प्रतिसाद नगण्य. क्षेत्र भराभर बदललं तर त्यांना सतत नवा जोर मिळतो. म्हणून गुंजभर सोनं, म्हणजे जुन्या मापानं एक अष्टमांश ग्रॅमच्या आसपास, जमिनीच्या वरच्या काही सेंटीमीटरांत असेल तर उंच फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ ते दाखवतं. बदल्यात ते लाल जमिनीत लवकर भांबावतं. त्याला अखंड गाताना ऐकावंही लागतं, आणि ज्या क्षणी ते गातं त्याच क्षणी माती सर्वांत मोठ्यानं ओरडत असते.

दुसऱ्या घराण्यानं हाच पेच उलटा सोडवला. पल्स इंडक्शन, थोडक्यात पीआय. इथे कॉइल गात नाही, ठोका देते. प्रवाहाचा एक झटका, मग प्रवाह बंद, मग ऐकणं. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा हेच. देवळातली घंटा वाजवून हात काढून घेतला तरी तिचा नाद रेंगाळतो. मोठी घंटा घुमत राहते, घुंगरू मात्र लगेच गप्प होतं. सोन्याचा मोठा गोळा म्हणजे मोठी घंटा. झटका बंद झाल्यावर काही मायक्रोसेकंदांनी यंत्र कान लावतं. तोवर मॅग्नेटाइट गप्प झालेलं असतं, कारण त्याला नाद ठेवता येत नाही. मॅग्हेमाइट मात्र अजून कुजबुजत असतं. या कुजबुजीची उतरण गणिती दृष्टीनं ठरावीक आकाराची असते आणि धातूची उतरण वेगळ्या आकाराची. झटक्यानंतर निरनिराळ्या क्षणी ऐकून आणि त्या ऐकण्यांची वजाबाकी करून माती काढून टाकता येते. ही वजाबाकी सोन्यासाठी खऱ्या अर्थानं जमवली ती ॲडलेडच्या ब्रूस कँडी यांनी. 1985 साली सुरू झालेल्या मिनलॅबनं 1995 मध्ये त्यांच्या संशोधनावर आधारलेलं एसडी 2000 बाजारात आणलं. जी रानं ‘संपली’ म्हणून लोकांनी सोडून दिली होती तिथे पुन्हा सोनं निघू लागलं. सोनं तिथंच होतं, आधीच्या यंत्रांना मातीपलीकडचं ऐकू येत नव्हतं.

त्याच वाटेनं पुढे 2010 मध्ये जीपीएक्स 5000, 2014 मध्ये लहान सोन्यासाठी घडी होणारं, पाण्यात चालणारं एसडीसी 2300, 2015 मध्ये झटक्याच्या पद्धतीतच बदल केलेलं जीपीझेड 7000 आणि 2021 मध्ये वजनानं पुष्कळ हलकं जीपीएक्स 6000 आलं. अमेरिकेच्या गॅरेट कंपनीनंही 2022 मध्ये ॲक्सिऑम आणून या मैदानात पाऊल ठेवलं. ही यंत्रं महाग आहेत. चांगलं सोन्याचं व्हीएलएफ हजार ते दोन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांत येतं. वरच्या पट्टीतली पीआय यंत्रं त्याच्या कित्येक पट.

इथे घेणारा फसतो तो एका समजुतीमुळे. त्याला वाटतं, किंमत पाचपट म्हणजे खोलीही पाचपट. निसर्ग असा हिशेब मानत नाही. कॉइलपासून दूर जाताना तिचं क्षेत्र अंतराच्या घनानं क्षीण होतं. त्या क्षीण क्षेत्रानं सोन्यात उठवलेला प्रतिसाद परत येताना पुन्हा घनानं क्षीण होतो. म्हणजे कॉइलच्या आकाराच्या मानानं सोनं बऱ्यापैकी खोल असेल तर जाता-येता मिळून अंतराचा सहावा घात. खोली दुप्पट झाली की प्रतिसाद एक चौसष्टांश. तीनपट झाली तर सातशे एकोणतिसावा हिस्सा. म्हणून यंत्र कितीही पुढे गेलं तरी त्याच तुकड्यासाठी ते काही सेंटीमीटर अधिक देतं, मीटर नव्हे. महाग यंत्राचा खरा फायदा म्हणजे त्रासदायक लाल जमिनीतही ते ती खोली टिकवून धरतं, जिथे स्वस्त यंत्र निम्म्यावर येतं किंवा बडबडत सुटतं.

हे समजलं की निवड बरीच सोपी होते. ज्या टापूत तुम्ही वारंवार जाणार आहात तिथली मूठभर माती घ्या, वाळवा, त्यातून लोहचुंबक फिरवा. फिकट, वाळूसारखी माती, चुंबकाला थोडंसंच काही चिकटतं, सोनं बारीक आणि वरच्या थरात मिळतं असं तिथले जाणते सांगतात, शिवाय खिळे-पत्र्यांचा जुना कचरा पुष्कळ आहे. तर उंच फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ घ्या आणि उरलेले पैसे पेट्रोलवर खर्च करा. गडद लाल माती, लोहखडे सांडलेले, चुंबकाला दाढीच दाढी, आणि जुन्या नोंदींत तोळ्या-तोळ्यांचे गोळे; तर पीआयशिवाय पर्याय नाही. ज्याला अजून आपला टापूच ठरवता आलेला नाही त्यानं काहीच विकत घेऊ नये. व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या गावांत यंत्र भाड्यानं मिळतं. मिळेल तितके दिवस भाड्याचं यंत्र वापरून पाहावं. माझा हा आग्रह आहे.

आणि तरीही स्वस्त यंत्राला हिणवू नये. मार्च 2023 मध्ये व्हिक्टोरियातल्या एका हौशी शोधकाची बातमी जगभर गेली. त्याला 4.6 किलोचा दगड सापडला. जिलाँगच्या सोनेखरेदीच्या दुकानात तो तोलला तेव्हा त्यात 2.6 किलो सोनं निघालं, किंमत 2 लाख 40 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच्या हातात होतं मिनलॅबचं इक्विनॉक्स 800, बाराशे डॉलरांच्या आसपास मिळणारं, अनेक फ्रिक्वेन्सींवर एकदम चालणारं यंत्र. सोन्यासाठी खास बनवलेलंही नव्हे. एवढा मोठा दगड कॉइलखाली आला की कोणतंही बरं यंत्र वाजणार. तो कॉइलखाली येणं हेच अवघड.

‘कचरा वगळणारं’ यंत्र घेतो म्हणजे कष्ट वाचतील, हाही एक समज मला इथे खोडून काढावासा वाटतो. यंत्राला सोनं म्हणून काही वेगळं दिसत नाही. त्याला दिसतो वीज वाहण्याचा गुण आणि आकार. सोन्याचा लहान गोळा, बंदुकीचा शिशाचा छर्रा, शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी, चॉकलेटच्या चांदीचा बोळा हे सगळे यंत्राच्या पट्टीवर एकमेकांना खेटून बसतात. ॲल्युमिनियम वगळलं की सोनंही गेलं. लोह मात्र व्हीएलएफ बऱ्यापैकी ओळखतं, आणि जुन्या वस्त्यांच्या जागी, जिथे गंजके खिळे मुठीमुठीनं पडलेत, तिथे तो गुण खरा उपयोगी. पीआयमध्ये हा गुण भरवशाचा नाही. पीआय घेणारा माणूस सगळं खणायला तयार असला पाहिजे. पुन्हा नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते, आणि थोडी चांदीही सोन्याची वीज वाहण्याची क्षमता बरीच खाली आणते. गारगोटीत जाळीसारखं पसरलेलं, स्पंजासारखं सच्छिद्र सोनं तर वजनानं भक्कम असूनही फिकट आवाज देतं, कारण त्यात विजेच्या भोवऱ्यांना फिरायला अखंड अंगण मिळत नाही. म्हणून जाणता शोधक म्हणतो, आवाज आला की खणा. मीही तेच म्हणेन.

कॉइलबद्दल थोडं. मोठी कॉइल खोल जाते पण तिचं क्षेत्र विरळ पसरतं, त्यामुळे लहान सोनं तिच्या खालून निसटतं. लहान कॉइल उथळ, पण बारकाव्यानं वाचते आणि झुडपांच्या बुंध्यांत, दगडांच्या सांदीत शिरते. आठ ते अकरा इंचांची कॉइल सुरुवातीला पुरते. पीआयसाठी ‘मोनो’ कॉइल, म्हणजे एकच वेटोळं पाठवतं आणि ऐकतंही, अधिक खोल वाचते. ‘डबल-डी’, म्हणजे एकमेकांवर किंचित चढवलेली दोन वेटोळी, त्रासदायक जमिनीत आणि विजेच्या तारांजवळ शांत राहते. यापलीकडचा कॉइलचा काथ्याकूट पहिल्या वर्षी करू नये.

वजनाकडे मात्र दुकानात कुणी लक्ष देत नाही आणि रानात तेच सगळं ठरवतं. दिवसाला पाच-सहा तास हात लांबवून, जमिनीला समांतर, कॉइल मातीला जवळजवळ चाटेल इतकी खाली धरून, सावकाश झुलवत न्यायची असते. झुलवताना टोकाला कॉइल वर उचलली गेली तर तेवढी खोली हवेत गेली, आणि सहाव्या घाताचं गणित आठवा. जीपीझेड 7000 सव्वातीन किलोहून जड आहे, जीपीएक्स 6000 दोन किलोंच्या आसपास, गोल्ड मॉन्स्टर दीड किलोच्या आत. खांदा दुखू लागला की माणूस भराभर झुलवू लागतो, आणि फिकट आवाज कानावरून निघून जातात. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हलकं यंत्र घेण्यात कमीपणा मानू नये.

खोट्या यंत्रांबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचं आहे, कारण हा धोका आपल्याकडे अधिक आहे. पहिला प्रकार नकली मालाचा. मिनलॅबची यंत्रं आफ्रिकेतल्या सोन्याच्या गर्दीत प्रचंड खपत होती. 2015 साली उघड झालं की तिच्या मातृकंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या लॅपटॉपमधून चीनच्या दौऱ्यात आराखडे चोरले गेले होते आणि त्यावरून बनवलेली हुबेहूब दिसणारी यंत्रं आफ्रिकेत विकली जात होती. कंपनीला आपल्या यंत्राची किंमत उतरवावी लागली. तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि यंत्राचा क्रमांक कंपनीकडे पडताळा.

दुसरा प्रकार याहून वाईट. दोन काड्या किंवा एक फिरता अँटेना असलेली मूठ, ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवते’ असं सांगून विकली जाणारी. शंभर मीटर! सहाव्या घाताचं गणित ज्याला कळलं त्याला यात काही विचारायचं उरत नाही. अशा काडीचा शेवट कुठे होतो ते जगानं पाहिलं आहे. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिक यानं गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ‘गोफर’ या निकामी खेळण्याच्या धर्तीवर एडीई 651 नावाचं यंत्र बनवलं आणि इराकला बॉम्बशोधक म्हणून विकलं. बगदादच्या तपासनाक्यांवर सैनिक त्याच्यावर विसंबून उभे राहिले. 2013 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच धर्तीच्या काड्या गुप्तधन शोधून देतो म्हणून आपल्या गावागावांतून फिरवल्या जातात आणि लोक शेतं गहाण टाकतात. तुमच्या ओळखीत कुणी असं काही घ्यायला निघाला असेल तर त्याला थांबवा. खणणं हा आपल्याकडे कायद्याचाही विषय आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी परवान्याशिवाय कुदळ लावणं हा गुन्हा आहे.

व्हिक्टोरियात परवान्याचं नाव ‘मायनर्स राइट’. हे नाव साधं नाही. 1854 मध्ये खाणकामगारांना दरमहा एक पौंडाचा परवाना घ्यावा लागे, सोनं मिळो न मिळो. बॅलरॅटला युरेका इथे त्यांनी कुंपण उभारून बंड केलं. 3 डिसेंबरच्या पहाटे सैनिकांनी ते चिरडलं. पण पुढच्याच वर्षी जुलमी परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला, ज्याच्याबरोबर मताचा हक्कही मिळाला. आज थोड्या डॉलरांत मिळणारा तो कागद दहा वर्षं चालतो आणि सापडलेलं सोनं शोधणाऱ्याचं होतं. अटी मोजक्या. फक्त हातानं चालवायची अवजारं. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी. आदिवासी वारशाच्या जागांना हात लावायचा नाही. आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे नियम निराळे आहेत. तिथे जाणाऱ्यानं ते वेगळे वाचावेत.

यंत्राबरोबर लागतं ते थोडंच. चांगली छोटी कुदळ, तिच्या दांड्यावर बसवलेलं जोरदार लोहचुंबक, म्हणजे ढिगाऱ्यातले खिळे आपोआप उचलले जातात. प्लास्टिकचं ओगराळं. त्यात माती भरून कॉइलवरून फिरवायची, वाजली तर निम्मी टाकून पुन्हा फिरवायची, असं करत शेवटी चिमूटभर मातीत सोनं किंवा छर्रा उरतो. पोलादी टोप नसलेले बूट. हेडफोन, आणि ते बरे घ्यावेत, कारण खोलवरच्या सोन्याचा आवाज म्हणजे सततच्या गुंजनात आलेली एक हलकी लहर असते, पक्षी बोलला तरी झाकली जाईल इतकी. मोबाइल बंद करून पिशवीत.

भाड्याचं यंत्र पहिल्यांदा हातात आलं की थेट शोधायला लागू नका. धातू नसलेली जागा बघा, कॉइल मातीवरून वर-खाली हलवत ग्राउंड बॅलन्स करा, गुंजन सपाट होईपर्यंत. मग एक शिशाचा छर्रा घ्या. शिसं सोन्याइतकी वीज वाहत नाही, पण लहान तुकड्याचा आवाज कसा असतो ते त्यावरून कळतं. बोटभर खोल पुरा, त्यावरून कॉइल सावकाश न्या. ऐका. मग दोन बोटं खोल, मग चार. कुठल्या खोलीला आवाज लहर होतो आणि कुठे लहरही विरते, ते याच मातीत, याच यंत्रावर ऐका. तासाभरानं पन्नास पावलं दूर, अधिक लाल मातीत जाऊन तेच पुन्हा करा. जिथे पहिल्या जागी चार बोटं ऐकू येत होती तिथे दोनच आली, तर तुमच्या टापूला कोणतं घराणं लागेल ते दुकानदाराला विचारायची गरज उरत नाही. छर्रा काढून घ्या आणि खड्डा बुजवा.